फक्त एक छोटासा बदल...

"मराठी विभागासाठी लेख देशील का?" असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं. मला वाटलं माझ्यामागे दुसरं कोणीतरी उभं असेल! कारण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलायचं, शाळेत इंग्रजी, आणि मराठीच्या पेपरच्या आदल्या रात्री आईची बोलणी खात शुद्धलेखन. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. आईने एकदा तपासलाय, पण त्यानंतर मी त्यात 'थोडेसे बदल' केले आहेत. आणि हे थोडेसे बदल काय करू शकतात, हाच या लेखाचा विषय आहे.

कॉम्प्युटर आणि आय.टी.च्या मुलांना सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय असतो. त्यात क्वालिटी अ‍ॅशुरन्स आणि चेंज मॅनेजमेंट असं एक युनिट येतं. बहुतेक जण ते ऑप्शनला टाकतात. सगळी थिअरी, एकही गणित नाही, आणि आकृत्यांमध्ये नुसत्या चौकटी आणि बाण. मीही टाकलं असतं. पण ते युनिट शिकवलं जायच्या आधीच मी त्याचं प्रॅक्टिकल देऊन बसले होते, आणि त्यात नापास झाले होते.

मावशींची मेस

आमच्या हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत एक मेस आहे. चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. सेकंड इयरला असताना आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून त्यांच्या मेसच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर केलं. मेंबर ३८, महिन्याचे ३,००० रुपये, म्हणजे दिवसाचे १०० आणि एका वेळेचे ५०. मेंबर गावाला गेला की त्याचा खाडा मांडायचा आणि महिन्याच्या शेवटी खाड्याचे पैसे बिलातून वजा करायचे. एवढंच! सरांनी छान मार्क दिले. मावशींनी दोन महिने ते वापरलंसुद्धा.

मग दिवाळीच्या आधी मावशी म्हणाल्या, "अगं, पोरं शनिवारी सकाळी जेवतात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जातात. मग म्हणतात, मावशी अर्ध्या दिवसाचा खाडा धरा. तुझ्या त्या कॉम्प्युटरात एका वेळेचा खाडा मांडता येईल का?"

मी म्हटलं, "हो मावशी, छोटासा बदल आहे. आज रात्रीच करते."

आणि खरंच दहा मिनिटांत केला. आधी प्रोग्राम खाड्याचे दिवस मोजत होता, आता तो वेळा मोजू लागला. मेंबरच्या कार्डावर मी एका वेळेचा खाडा टाकून बघितला, ५० रुपये वजा झाले. बरोबर! मी लॅपटॉप मिटला आणि झोपले. ग्रुपमधल्या कोणाला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

होतं. महिन्याअखेरचं बिल काढायचा भाग माझ्या मित्राने लिहिला होता. तो भाग खाड्याचा आकडा घ्यायचा आणि सरळ १००ने गुणायचा, कारण तो लिहिला तेव्हा तो आकडा दिवसांचा होता. आता आकडा आला वेळांचा आणि गुणाकार राहिला दिवसाच्या दराचा. म्हणजे प्रत्येकाला खाड्याची वजावट बरोबर दुप्पट मिळाली.

आणि महिना दिवाळीचा! सगळ्यांचे मिळून ३६४ वेळांचे खाडे होते. १८,२०० रुपये वजा व्हायला हवे होते, झाले ३६,४००. मावशींना मिळायचे ९५,८०० रुपये, बिलं गेली ७७,६०० रुपयांची. बिलं बघून कोणीही तक्रार केली नाही. कमी आलेल्या बिलाची तक्रार कोण करतं?

चूक कशी सापडली? मावशी सॉफ्टवेअर आल्यावरही आपली जुनी वही लिहीत होत्या. आम्हाला त्याचं हसू यायचं. पाच-सहा दिवसांनी किराणावाल्याचे पैसे द्यायला निघाल्या आणि गल्ल्यात पैसे पुरेनात. मग त्यांनी वहीतून बेरीज मारली आणि मला बोलावून म्हणाल्या, "बाळा, तुझा कॉम्प्युटर दिवाळीची बोनस वाटतोय की काय?"

रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं.

आम्ही चौघे दारोदार फिरलो. बहुतेकांनी उरलेले पैसे दिले. काही सीनियर मेस सोडून गेले होते, त्यांच्याकडचे २,६०० रुपये आलेच नाहीत. ते आम्ही प्रत्येकी ६५० काढून भरले. मावशी घेत नव्हत्या, खूप आग्रह केल्यावर घेतले.

खडा कधी शोधायचा?

या प्रकारानंतर ते ऑप्शनचं युनिट मी नीट वाचलं. पहिली गोष्ट कळली ती म्हणजे टेस्टिंग आणि क्वालिटी अ‍ॅशुरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी तोपर्यंत एकच समजत होते.

मावशींच्याच स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. ताटात वाढलेल्या भातात खडा सापडला का ते बघणं, हे टेस्टिंग. तांदूळ आणतानाच चांगल्या दुकानातून आणणं, तो उजेडात बसून निवडणं, निवडलेला आणि न निवडलेला तांदूळ एका डब्यात न ठेवणं, ही क्वालिटी अ‍ॅशुरन्स, म्हणजे गुणवत्तेची हमी. टेस्टिंग तयार झालेली वस्तू तपासतं. अ‍ॅशुरन्स ती वस्तू तयार व्हायची पद्धतच सांभाळते. दोन्ही लागतात. पण नुसत्या टेस्टिंगवर राहिलं तर एक अडचण असते. टेस्टिंगने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाहीच हे दाखवता येत नाही. मी एका कार्डावर एक खाडा टाकून बघितला आणि उत्तर बरोबर आलं. जे बघितलं नाही तिथे चूक बसली होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमचा प्रोग्राम दोन महिने बरोबर चालला होता. लोखंडाला गंज चढतो, बेअरिंग झिजतं, तसा प्रोग्राम झिजत नाही. कालच्या परिस्थितीत काल चाललेला कोड आजही त्याच परिस्थितीत तसाच चालतो. मग चालणारं सॉफ्टवेअर बिघडतं कशाने? कोणीतरी त्यात बदल केला म्हणून, किंवा त्याच्या आजूबाजूला काहीतरी बदललं म्हणून. म्हणजे बदल हाच चुकीचा आत यायचा मोठा दरवाजा. आणि दरवाजावर कोणी उभं आहे का, हे बघणं म्हणजे चेंज मॅनेजमेंट!

मला वाटलं होतं, मोठ्या कंपन्यांत असं होत नसेल. तिथे अनुभवी लोक असतात, पैसा असतो. पण वाचत गेले तसे माझे मावशींच्या मेसचे १८,२०० रुपये फारच किरकोळ वाटायला लागले. तीन प्रसंग सांगते.

४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलर

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर बाजाराच्या व्यवहारातली मोठी कंपनी. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि त्यांचे छोटे तुकडे करून बाजारात पाठवायचे, हे काम तिचं सॉफ्टवेअर करायचं. १ ऑगस्ट २०१२ या दिवशी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर एक नवीन योजना सुरू होणार होती. त्यासाठी नाइटने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला.

आता नीट बघा, यात किती धागे आहेत ते.

त्या सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर पेग' नावाचा एक जुना भाग होता. २००३ सालापासून तो वापरात नव्हता, पण कोणी काढून टाकला नव्हता. २००५ मध्ये आणखी एक बदल झाला. ऑर्डर पुरी झाली की तुकडे पाठवणं थांबवायचं, यासाठी मोजणी करणारा जो कोड होता तो दुसरीकडे हलवला. त्यानंतर पॉवर पेग बरोबर चालतो का, हे कोणी तपासलं नाही. वापरतच नाही तर तपासायचा कशाला? म्हणजे आता आत एक असा भाग पडून होता, जो चालू झाला तर थांबणार नव्हता.

२०१२ च्या नवीन कोडमध्ये पॉवर पेगला चालू करणारा जुनाच फ्लॅग नव्या कामासाठी वापरला. फ्लॅग म्हणजे ऑर्डरबरोबर जाणारी एक खूण. नवीन कोड असलेल्या मशीनला त्या खुणेचा अर्थ 'नवी योजना' असा कळणार, आणि जुना कोड असलेल्या मशीनला 'पॉवर पेग' असा. जुना कोड काढूनच टाकायचा होता, म्हणून कोणाला त्यात धोका वाटला नाही.

सर्व्हर होते ८. नवीन कोड २७ जुलैपासून त्यांच्यावर चढवायला सुरुवात झाली. चढवणाऱ्या तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. ७ वर नवीन, ८ व्यावर जुना. दुसऱ्या कोणी तपासावं असा लेखी नियमच नव्हता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

१ ऑगस्टला बाजार सकाळी साडेनऊला उघडला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ७ वाजता. त्याआधीच कंपनीच्या सिस्टीमने आपल्या लोकांना ९७ ई-मेल पाठवले होते. त्यात पॉवर पेगचं नावसुद्धा होतं! पण ते मेल धोक्याची सूचना म्हणून बनवलेले नव्हते, म्हणून त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर तो जुना भाग जागा झाला. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी होत्या फक्त २१२. त्यांच्यासाठी लाखो ऑर्डरी बाजारात गेल्या. ४० लाखांहून जास्त सौदे झाले, १५४ कंपन्यांच्या ३९ कोटी ७० लाखांहून जास्त शेअर्सचे. आणि गडबडीत काय केलं माहीत आहे? नवीन कोडमध्येच गोंधळ आहे असं समजून तो बरोबर चाललेल्या ७ सर्व्हरवरूनही काढला. मग तेही आठव्यासारखेच वागू लागले!

४५ मिनिटांनी हे थांबलं. नुकसान ४६ कोटी डॉलरहून जास्त. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर दंड केला, तोवर कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीनही झाली होती.

हे वाचताना मला आमचा खाडा आठवत होता. जुन्या फ्लॅगला नवा अर्थ दिला, जसा मी जुन्या आकड्याला दिवसांऐवजी वेळांचा अर्थ दिला. आणि जुना अर्थ धरून बसलेलं आणखी कोणी आहे का, हे त्यांनीही विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

बदल केला नाही तरी?

आता कोणी म्हणेल, मग बदलच करू नये. चालतंय ते चालू द्यावं. त्याचीही गोष्ट आहे.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचं नवीन एरियन ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यावर साधारण ४० सेकंदांत ते वाट सोडून वळलं, तुटलं आणि स्फोट होऊन नष्ट झालं. बरोबर चार उपग्रहही गेले.

रॉकेटची दिशा आणि हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून तसंच घेतलेलं होतं. त्यात एक ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बदलला जायचा. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. एरियन ४ च्या मार्गावर तो आकडा कधी एवढा मोठा होत नव्हता. एरियन ५ चा मार्ग वेगळा होता, आडवा वेग लवकर वाढायचा. आकडा मावला नाही आणि ते यंत्र बंद पडलं. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून जोडीला आणखी एक यंत्र ठेवलं होतं. पण त्यातही तेच सॉफ्टवेअर! तेही त्याच कारणाने बंद पडलं.

सगळ्यात वाईट वाटतं ते पुढे. ज्या भागात ही चूक झाली, त्या भागाचा एरियन ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. एरियन ४ वर चांगलं चाललेल्या सॉफ्टवेअरला हात लावू नये, म्हणून तो तसाच राहिला. आणि एरियन ५ चा मार्ग घालून त्या यंत्राची चाचणीही झाली नव्हती.

म्हणजे कोडची ओळ बदलली नाही, तरी तिच्या खालचं रॉकेट बदललं होतं. हासुद्धा बदलच. 'जसंच्या तसं घेतलं' हाही एक निर्णय असतो आणि तोही तपासावा लागतो. आपण सीनियरचा प्रोजेक्ट 'जसाच्या तसा' घेतो तेव्हा हे आठवायला हरकत नाही!

सगळीकडे एकदम

तिसरा प्रसंग तर आपल्या डोळ्यांसमोर घडला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने जगभरातल्या विंडोज मशीनसाठी एक अपडेट सोडलं. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले. विमानं रखडली, दवाखान्यांची कामं अडली, आपल्या देशात विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

कारण? त्या अपडेटच्या रचनेत २१ रकाने धरले होते आणि मशीनवरचा कोड २० च पुरवत होता. आधीच्या अपडेटमध्ये एकविसाव्या रकान्यात काय आहे हे बघायची वेळच आली नव्हती, म्हणून चूक झाकलेली राहिली. अपडेट तपासणारा प्रोग्राम होता, पण त्यातही चूक होती.

कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं. पण बंद पडलेलं मशीन मागे घेतलेलं अपडेट वाचणार कसं? लोकांना एकेका मशीनपाशी जाऊन ते दुरुस्त करावं लागलं. अपडेट आधी थोड्या मशीनवर सोडून थांबले असते, तर थोडीच बंद पडली असती. त्यानंतर कंपनीने अशी अपडेटं टप्प्याटप्प्याने सोडायची पद्धत आणली.

बदलाची वही

आता आपल्याकडे वळू. पुस्तकात चेंज मॅनेजमेंटची मोठी आकृती असते. बेसलाइन, चेंज रिक्वेस्ट, इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस, चेंज कंट्रोल बोर्ड, रिग्रेशन टेस्टिंग, ऑडिट... नावं ऐकूनच झोप येते. पण चौघांच्या ग्रुपला झेपेल अशा भाषेत ते सांगता येतं. दिवाळीनंतर आम्ही खरंच एक वही घातली. मावशींची बघूनच! प्रत्येक बदलाला एक पान आणि पानावर सात प्रश्न.

१. काय बदलायचं आहे आणि कोणी सांगितलं? हीच चेंज रिक्वेस्ट. तोंडी नाही, लिहून. लिहिताना प्रश्न पडतात. एका वेळेचा खाडा लिहायला बसलो तेव्हा पहिलाच प्रश्न आला, खाडा किती आधी कळवायचा? मावशी म्हणाल्या, सकाळचा खाडा आदल्या रात्री सांगायचा, नाहीतर भाजी चिरून होते. हा नियम आमच्या प्रोग्राममध्ये कुठेच नव्हता! जे मागितलं ते बनवणं आणि जे हवं आहे ते बनवणं, यात एवढा फरक असतो.

२. आत्ता जे चालतंय त्याची प्रत कुठे आहे? ही बेसलाइन. म्हणजे सगळ्यांनी मिळून मान्य केलेली, हात न लावायची प्रत. तिला नाव आणि नंबर द्यायचा. गिट वापरत असाल तर टॅग लावायचा. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा नावांची फोल्डरं म्हणजे बेसलाइन नव्हे. माझ्याकडे अशी पाच होती.

३. याचा धक्का कुठे कुठे बसेल? हे इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस. मी खाड्याचं नाव सगळ्या फाइलींमध्ये शोधलं असतं, तर ते तीन ठिकाणी सापडलं असतं. कार्ड, महिन्याचं बिल आणि वर्षाचा तक्ता. शोधायला एक मिनिट लागलं असतं. आणि आम्ही आधीच नुसतं 'खाडा' न लिहिता 'खाडा_दिवस' असं नाव दिलं असतं, तर अर्थ बदलताना नावही बदलावं लागलं असतं आणि बाकीच्या दोन ठिकाणी कॉम्प्युटरनेच एरर दिली असती.

४. करायचा की नाही, कोणी ठरवलं? मोठ्या कंपनीत चेंज कंट्रोल बोर्ड असतं. आमचं बोर्ड म्हणजे शनिवारी पंधरा मिनिटं कॅन्टीनमध्ये चौघे. काही बदलांना नाही म्हणायचं असतं, हेही तिथेच शिकलो.

५. जुनं सगळं अजून बरोबर आहे का? हे रिग्रेशन टेस्टिंग. नवीन गोष्ट चालते का, एवढं बघून भागत नाही. काल जे चालत होतं ते आजही चालतं का, ते बघायचं. आम्ही मावशींच्या वहीतला सप्टेंबर महिना पूर्ण टाइप करून ठेवला. बदल केला की प्रोग्रामने काढलेली ३८ बिलं वहीतल्या ३८ बिलांशी जुळवायची. हे काम आता एक छोटी स्क्रिप्ट करते, अर्ध्या मिनिटात. दिवाळीआधी हे केलं असतं, तर ज्याचा एकही खाडा आहे त्याचं बिल लगेच चुकलेलं दिसलं असतं.

६. दुसऱ्या कोणी पाहिलं का? लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण त्याला काय लिहायचं होतं ते त्याच्या डोक्यात असतं, तेच तो वाचतो. निबंधाचंही असंच असतं की! बिलाचा भाग लिहिणाऱ्या माझ्या मित्राला मी त्या रात्री एक मेसेज केला असता, तर तो म्हणाला असता, "अगं, मी तर १००ने गुणतोय."

७. बिघडलं तर मागे कसं यायचं? हा रोलबॅक. हे बदल चढवायच्या आधी ठरवायचं, आग लागल्यावर नाही. नाइटच्या लोकांनी मागे जायचा प्रयत्न केला, पण मागे काय ठेवलेलं आहे ते माहीत नव्हतं. आणि शक्य असेल तर एकदम सगळीकडे न चढवता आधी थोड्या जागी. आम्ही आता आधी फक्त आमच्या चौघांची बिलं नव्या प्रोग्रामवर काढतो.

एक शंका माझ्या रूममेटने काढली. ती मेकॅनिकलची आहे. ती म्हणाली, "स्पेलिंग सुधारायलाही पानभर लिहायचं का? मग काम कधी करणार?" शंका बरोबर आहे. सगळ्या बदलांना सारखी तपासणी नको. आम्ही तीन प्रकार केले. ज्याने आकडा बदलत नाही, त्याला एक ओळ आणि दुसऱ्याची एक नजर. ज्याने पैशाचा आकडा बदलतो, त्याला सातही प्रश्न. आणि तातडीचा, म्हणजे मेस चालू आहे आणि प्रोग्राम बंद पडलाय, तेव्हा दोघांनी मिळून बसायचं आणि पान नंतर, पण त्याच दिवशी लिहायचं. घाईत एकट्याने काहीही करायचं नाही, एवढा नियम पक्का.

मग तिनेच सांगितलं की त्यांच्याकडेही ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर असतो आणि जुन्या नंबरचं ड्रॉइंग शॉप फ्लोअरवर राहिलं तर जुन्या मापाचे जॉब निघतात. म्हणजे आठव्या सर्व्हरची गोष्ट मेकॅनिकलमध्येही आहे! सिव्हिलच्या मित्रांनो, तुमच्याकडेही असेल, तुम्ही लिहा पुढच्या अंकात.

शेवटी

आमची वही आता ४१ पानं भरली आहे. त्यातली सहा पानं अशी आहेत, जिथे सप्टेंबरची बिलं जुळली नाहीत आणि आम्ही बदल तिथेच थांबवला. त्या सहा वेळा मावशींना काही कळलंही नाही. क्वालिटी अ‍ॅशुरन्सचं हे एक दुःख आहे. ती नीट झाली तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीसाठी कोणी पाठ थोपटत नाही.

मावशींनी अजूनही आपली वही बंद केलेली नाही. मध्यंतरी मी म्हटलं, "मावशी, आता प्रोग्राम बरोबर चालतोय, कशाला दोनदा लिहिता?" तर म्हणाल्या, "चालू दे गं. तुझा बरोबर आहे हे मला कळणार कसं, माझी वही नसली तर?"

त्या दिवाळीत आमच्या प्रोजेक्टची क्वालिटी अ‍ॅशुरन्स एकट्या मावशी करत होत्या, आणि मार्क मिळाले आम्हाला. म्हणून मी आता त्या वहीला हसत नाही.

तर मंडळी, फायनल इयरचे प्रोजेक्ट जवळ आले आहेत. रात्री अडीच वाजता, उद्या डेमो असताना, तुम्हाला एक छोटासा बदल करावासा वाटेल. दहा मिनिटांचं काम असेल. तेव्हा शेजारी झोपलेल्या पार्टनरला उठवा आणि त्याला दाखवा. शिव्या घालेल, पण उठवा! आणि हो, ते युनिट ऑप्शनला टाकू नका.

सगळ्यांना प्रोजेक्टसाठी आणि परीक्षेसाठी शुभेच्छा.